सुताचा पहिला घास

गुरुवार, १ नोव्हेंबर १९५६

आजपासून नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिले नाही आणि दूधवाला पाऊण तास उशिरा आला. दोन्हींबद्दल माझ्याजवळ कोणी दिलगिरी व्यक्त केलेली नाही.

शेजारचा बंगला रिकामा झाला. सचिवसाहेब नव्या राजधानीला, भोपाळला गेले. जाताना त्यांच्या पत्नीने मला एक तुळशीची कुंडी आणि एक चावरे कुत्रे देऊ केले. मी तुळस ठेवून घेतली. रामदासपेठेत आता उरलो ते एक तर निवृत्त, नाही तर बदलीची वाट बघणारे. मी निवृत्त. बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत, त्यातली अकरा मुख्याध्यापिका. निरोपाला मिळाले भिंतीवरचे घड्याळ. ते मागे पडते.

मच्छरदाणीची दोरी तुटली होती, ती जोडली. मैनाबाई, म्हणजे माझी स्वयंपाकीण, हातात लाटणे तसेच धरून बघत राहिली. गाठीत बघण्यासारखे काय असते?

रविवार, ४ नोव्हेंबर

संतापात लिहिते आहे, म्हणून अक्षर वाईट आले आहे.

व्याख्यानाला गेले होते. व्याख्याते आले नाहीत (विषय होता ‘वक्तशीरपणा’), म्हणून तासाभरात परत आले. मागच्या अंगणात हसण्याचा कल्लोळ. जाऊन बघते तर धुण्याच्या दगडावर मैनाबाई बसलेली. खांद्यावर टॉवेल, माझ्या शालीसारखा. समोर आसपासच्या घरांतल्या चार कामकरणी. मैनाबाई केळे खात होती. सुरी आणि काट्याने.

मी केळे सुरी-काट्याने खाते हे खरे आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेसने आम्हाला तसेच शिकवले आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. पण मैनाबाई केळ्याकडे चष्म्यावरून बघत होती, आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्याच आवाजात, त्याला विचारत होती, ‘‘उशीर का झाला? उद्या पालकांना घेऊन ये!’’ मग तिने केळ्याचा कान कापला.

एक बाई हसून हसून दगडाला टेकली. मी म्हणाले, ‘‘मैनाबाई, उद्यापासून येऊ नकोस.’’

बायका पळाल्या. ती उठली, टॉवेलची नीट घडी घातली. ‘‘बरं बाई. चुलीवर वांगे टाकले आहे. थे उतरवून जाऊ का तशीच जाऊ?’’

‘‘उतरवून जा.’’

‘‘अन् पोळ्या?’’

‘‘पोळ्या करून जा.’’

वांगी उत्तम झाली होती. मी ती रागातच खाल्ली.

सोमवार, ५ नोव्हेंबर

मागच्या दाराची किल्ली परत द्यायला मैनाबाई सकाळी आली. द्यायला आलीच होती, म्हणून चहा ठेवला. ठेवलाच होता, म्हणून केर काढला. मी विषय काढला नाही. क्षमा करणे हा माझ्या शिक्षणाचा भाग आहे.

किल्ली तिच्याकडेच आहे.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

आमच्या उषःप्रभा महिला समाजाची सभा. मी अध्यक्ष, यमुताई चिटणीस. यमुताईंचे माहेर पुण्याचे, हे सभेत दोनदाच आले, म्हणजे सभा लवकर आटोपली.

समाजाला जानेवारीत पंचवीस वर्षे होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोठा समारंभ, पुण्याहून एक विदुषी पाहुण्या. आणि कार्यक्रम? नाटक बसत होते. पण नायकाचे काम करणाऱ्या बाईंचे यजमान न्यायालयात, न्यायालय गेले जबलपूरला, आणि त्यांच्याबरोबर आमचा नायक गेला, मिशीसकट. उरली एक हार्मोनियम. ती वाजवणाऱ्या भोपाळला.

शोभाताई, डॉक्टरांच्या पत्नी, म्हणाल्या, ‘‘प्रमोदिनीताई, तुमच्या मैनाबाई नकला काय सुरेख करतात म्हणे! आमची सगुणा सांगत होती. ते केळ्याचं...’’

मी खोकले. यमुताईंनी विचारले, ‘‘केळ्याचं काय?’’

‘‘शिकरण,’’ मी म्हणाले.

ठराव झाला की मैनाबाईने माझ्या मार्गदर्शनाखाली अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम करावा. ‘मार्गदर्शनाखाली’ हा शब्द मीच घातला.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

दुपारी मैनाबाईला बैठकीत बोलावून म्हटले, काय करतेस ते कर. खुर्ची दिली. ती जमिनीवर बसली. पदर खोचला. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मला उगीचच वाटले की मीच काहीतरी विसरले आहे.

मग म्हणाली, ‘‘आमी कोष्टी. आमच्या घरी पहिला घास सुताचा. तांदूळ आला का पहिले त्याची खळ कराची, सुताले पाजाची. सूत जेवलं का मंग सासरा, मंग नवरा, मंग पोट्टे, अन् उरलं तं मी. एक दिवस मी सासूले म्हटलं, मलेबी सूतच म्हणा ना बाप्पा! निदान पहिल्या पंगतीत बसीन!’’

पुढे नवऱ्याने सवत आणली ती गोष्ट. ‘‘मी भल्ली रडली. शेजारीण म्हणे, काहून रडतं वं, दिसाले चांगली आहे का ते? म्हटलं, दिसण्याले काय चाटाचं आहे? पाजणी चांगली करते ना! असा साफ हात, का नवऱ्यानं नसती आणली तं मीच घेऊन आली असती!’’

मला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आले. मैनाबाई पाणी घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘हसल्या बाई.’’

‘‘ठसका होता,’’ मी म्हणाले.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

ठसका नव्हता.

हे लिहून ठेवणे मूर्खपणाचे आहे. पण डायरीला कुलूप आहे, आणि किल्ली माझ्या गळ्यात.

पाजणी म्हणजे सूत ताणून रस्त्यावर उभे करायचे, पहाटे, ऊन चढायच्या आत. दोन्ही बाजूंनी दोघांनी कुंच्याने खळ फिरवत जायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुंचा पुढेच न्यायचा, कधी मागे नाही. मागे नेला की तंतू उभे राहतात, माग चालू झाला की धागा धागा तुटतो. हे मला कोणत्या पुस्तकातून कळलेले नाही, मच्छरदाणीच्या दोरीची ती गाठही नाही. तांडापेठेत रुपराव धकाते नावाचे विणकर होते. त्यांच्या मुलीचे नाव भागीरथा. सात वर्षांची असताना ती खळीच्या गाडग्यात बोट घालून चाटत होती, आणि दारात सिस्टर आग्नेस उभी होती, टेबलावरच्या पांढऱ्या चादरींची मागणी घेऊन. पुढचे लिहीत नाही. त्याच महिन्यात भागीरथा कॉन्व्हेंटमध्ये गेली. मॅट्रिकच्या अर्जावर तिने स्वतःच आपले नाव प्रमोदिनी लिहिले, आणि उमरेडला एक मावशी होती म्हणून उमरेडकर.

महिला समाजात सर्वांना माहीत आहे की माझे वडील कापडाचे व्यापारी होते. मी तसे कधी म्हटले नाही. ‘कापडात होते’ एवढेच म्हटले. बाकीचे त्यांनी विणले.

यमुताईंना हे कळले तर? काढून टाकणार नाहीत. त्याहून वाईट करतील, कौतुक करतील. ‘इतक्या खालून इतक्या वर!’ ते ऐकण्यापेक्षा मी भोपाळला जाईन.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

मैनाबाईची संहिता तयार केली. तांबड्या पेन्सिलीने तीन वेळा तपासली. ‘मले’चे ‘मला’ केले. सवत काढली, हळदीकुंकवाला सवत कशी आणायची? खळ काढली, त्या जागी श्रमाची प्रतिष्ठा घातली. एके ठिकाणी इंद्रधनुष्याची उपमाही आहे.

मैनाबाईला वाचता येते, चौथी झालेली आहे. तिने कागद दोनदा वाचला. ‘‘बाई, याच्यात हसाचं कुठं?’’

‘‘समासात लिहिले आहे.’’ मी सहा ठिकाणी ‘हशा’ असे लिहिले होते. ‘‘तिथे थांबायचे.’’

‘‘अन् नाही हसले तं?’’

‘‘सुशिक्षित बायका आहेत. हसतील.’’

शनिवार, ८ डिसेंबर

समाजाच्या सभासदांपुढे तालीम. मैनाबाईने एक शब्द चुकवला नाही. ‘‘आम्ही विणकर कष्टाळू व समाधानी असतो’’ असे म्हणाली आणि थांबली. सहा वेळा थांबली. सहाही वेळा बाहेरच्या रिक्षांच्या घंटा स्पष्ट ऐकू आल्या.

यमुताईंनी इंद्रधनुष्यावर टाळ्या वाजवल्या. नंतर म्हणाल्या, ‘‘बोधप्रद आहे.’’ मी बत्तीस वर्षे मुलींच्या निबंधांवर हाच शेरा मारत आले. त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे.

रविवार, ९ डिसेंबर

मैनाबाई भाजी निवडत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. चूक कबूल करायची मला सवय नाही, म्हणून विचारले, ‘‘ते सवतीचे तू कुठून बसवलेस?’’

‘‘नळावर, बाई.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आमच्या गल्लीतल्या नळावर. पाण्याले नंबर लागते ना, तिथं सांगून पायते. पहिल्यांदा सांगितलं तं जसं झालं तसं सांगितलं. तो तिले घेऊन आला, मी दारात उभी होती, हात खळीनं भरले होते. साऱ्या बाया रडल्या. गोपिकाबुढीनं मले घरून भाकर आणून देल्ली.’’

‘‘चांगले केले.’’

‘‘काय चांगलं बाई? आठ दिवस भाकरीच येऊन राहिल्या! जे ते माह्याकडे पाहून चकचक करे. मंग मी थेच उलटं सांगितलं. पहिले पाजणी, मंग सवत. एकीचा तं हंडा पडला हसता हसता.’’ तिने मेथीची काडी मोडली. ‘‘रडल्या तवा मले भाकर देल्ली. हसल्या तवा बसाले पाट देल्ला.’’

मी मेथीची दुसरी जुडी तिच्यापुढे सरकवली.

‘‘थे तुमच्या केळाचंबी नळावरच बसवलं,’’ ती म्हणाली. ‘‘पण थे दुसऱ्याच्या अंगावरचं आहे. थे हसवते, पण त्याच्यात पाट नाही भेटत.’’

संहिता परत घेतली. म्हटले, तुझे तूच कर. फक्त एक अट, केळे नको. ती कबूल झाली. मग सहज बोलल्यासारखे म्हणाली, ‘‘गोपिकाबुढी एक सांगते बाई. आमच्या गल्लीत रुपराव धकाते होता म्हणे. त्याची पोट्टी मडमीच्या शाळेत गेली, अन् वापसच नाही आली. माय मेली तवाबी नाही. हे घालू का कार्यक्रमात?’’

‘‘नको.’’

‘‘काहून बाई?’’

‘‘कंटाळवाणे आहे.’’

‘‘बरं,’’ म्हणाली, आणि जुडी बांधली.

आई गेली तेव्हा माझ्याकडे तपासायला पेपर होते. एकशे चौदा. निकाल वेळेवर लागला.

मंगळवार, २५ डिसेंबर

थंडी. आज कॉन्व्हेंटमध्ये केक असायचा. मैनाबाईला तिळाच्या वड्या करायला सांगितल्या. तालमीसाठी तिने दोन खुर्च्यांमध्ये माझी जुनी नऊवारी ताणून सूत म्हणून उभी केली आहे आणि त्यावर रिकामा कुंचा फिरवत बोलते. हात सुंदर चालतो. पुढेच, पुढेच. मी वर्तमानपत्र वाचत असते. आज तासाभरात एकच पान झाले.

ती ते धकात्यांचे घालणार नाही ना? विचारावे, तर माझ्या विचारण्यावरूनच कळेल.

शनिवार, १२ जानेवारी १९५७

यमुताईंनी पाहुण्यांच्या स्वागतपत्रात माझी ओळख लिहिली आहे, ‘सुप्रसिद्ध कापड-व्यापारी घराण्यातील’. ‘सुप्रसिद्ध’ कुठून आले, विचारले. म्हणाल्या, ‘‘अहो, पुण्याच्या आहेत त्या. नुसतं ‘व्यापारी’ बरं दिसत नाही.’’

सोमवार, १४ जानेवारी

शांतपणे लिहायचे ठरवले आहे.

सभागृह भरले होते. काळ्या साड्या, हलवा, गुलाबपाणी. मी पहिल्या रांगेत, उजवीकडे पाहुण्या, डावीकडे यमुताई. पाहुण्यांनी मला तीनदा सांगितले की नागपूरची मराठी ‘जरा वेगळी’ आहे. तिन्ही वेळा माझा हात धरून सांगितले, जणू कोणी आजारी आहे.

मैनाबाई आली. दोन खुर्च्या, नऊवारी, कुंचा. ‘‘आमच्या घरी पहिला घास सुताचा,’’ म्हणाली, आणि मागच्या रांगांतून, जिथे मोलकरणी मुलांना घेऊन बसल्या होत्या, तिथून आधी हसू आले. मग मधल्या रांगा. पहिल्या पंगतीच्या वाक्याला पाहुण्यासुद्धा हसल्या, रुमालात. सवतीला तर शोभाताईंनी तिळगुळाची वाटी सांडली. धकात्यांचे नाव आले नाही. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मागे टेकून बसले.

तेव्हा मैनाबाई म्हणाली, ‘‘आता सवत कशी पाजणी करते, अन् मी कशी, थे दाखवते.’’ सवतीची दाखवली, देखणी. मग स्वतःची. कुंचा पुढे नेला. आणि मागे आणला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. महिनाभर ज्या हाताने एकदाही चूक केली नाही, तोच हात साडीवर केरसुणीसारखा फिरत होता. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. हाताकडे फक्त मीच बघत होते. मागे. पुढे. मागे. माझे दात शिवशिवले. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

त्यानंतर जो आवाज ऐकला तो कोणाचा, हे मला क्षणभर कळले नाही.

‘‘अवं, उलटा काहून फिरवून राहिली! धागे तुटतीन ना सारे! दे इकडे!’’

मी उभी होते. उभीच नव्हे, रंगमंचाच्या तीन पायऱ्या चढले होते. मैनाबाईने कुंचा माझ्या हातात दिला, लगेच, जणू तो मलाच द्यायला धरला होता. आणि मी, शालीसकट, चष्म्यासकट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाजणी केली. ती समोरच्या बाजूने माझ्या पावलाला पाऊल लावून चालली.

सभागृह कोसळले. इतके हसू मी आयुष्यात कधी ऐकले नाही, शाळेत नळ फुटला होता तेव्हासुद्धा.

खाली आले, तर यमुताईंनी मला मिठी मारली. ‘‘प्रमोदिनीताई! काय अभिनय! आम्हाला पत्ताच लागू दिला नाहीत!’’ पाहुण्या म्हणाल्या, ‘‘ते बोलणं तर इतकं हुबेहूब! त्या लोकांत वावरून अभ्यास केलात वाटतं?’’

सगळ्यांना वाटले, बसवलेले होते.

मी म्हणाले, ‘‘थोडाफार.’’

घरी येताना रिक्षात मैनाबाईला विचारले, कुंचा उलटा का फिरवलास. म्हणाली, ‘‘हात चुकला, बाई.’’ अशा चुका होतात. समोर एवढी गर्दी असली की हात घाबरतो.

शुक्रवार, १८ जानेवारी

चार दिवस अभिनंदन स्वीकारते आहे. शोभाताईंनी दोनदा ते वाक्य म्हणून दाखवायला लावले. दुसऱ्यांदा म्हणाल्या, ‘‘अजून जरा गावंढळ करा ना.’’

पाहुण्यांचे पत्र आले. लिहितात की अशा अडाणी समाजाचे इतके सहृदय चित्रण त्यांनी पाहिले नव्हते. महिला समाजाने मला रौप्यपदक द्यायचे ठरवले आहे. मैनाबाईला खण.

सुटले, असे वाटायला हवे. गुपित होते तिथेच आहे, उलट आता त्यावर पदक बसणार आहे. मग सकाळपासून मी तीन पेले का फोडले?

बुधवार, २३ जानेवारी

सभा. मागच्या समारंभाचे कार्यवृत्त यमुताईंनी वाचले. ‘‘मान्यवर अध्यक्षांनी कोष्टी स्त्रीची भूमिका हुबेहूब वठवून सर्वांस चकित केले. मैनाबाईंनी साहाय्य केले.’’ आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकवली.

मी बत्तीस वर्षांत चुकीच्या नोंदीवर सही केलेली नाही. एकदा शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे हजेरीपटातला एक आकडा मी खोडला होता, तो साहेबांनीच घातलेला होता. मी पर्स उघडली, तांबडी पेन्सिल काढली. ‘वठवून’ खोडले. ‘भूमिका’ खोडली.

‘‘काय झालं?’’ यमुताई म्हणाल्या. ‘‘शुद्धलेखन?’’

‘‘मजकूर. भूमिका नव्हती. मी कोष्टीच आहे. तांडापेठेतल्या रुपराव धकात्यांची मुलगी. ते कापडाचे व्यापारी नव्हते, ते कापड विणत. माझे नाव भागीरथा. आणि साहाय्य मैनाबाईने केले नाही, मी केले. पाजणीला समोर माणूस लागतो.’’

 मी थांबले. जणू समासात कोणी ‘हशा’ लिहून ठेवले होते. रिक्षांच्या घंटा ऐकू आल्या.

यमुताई म्हणाल्या, ‘‘पण मग स्वागतपत्रात छापलंय ते...’’

‘‘चुकीचे छापले आहे.’’

‘‘इतक्या खालून,’’ शोभाताई गहिवरून म्हणाल्या, ‘‘इतक्या...’’

‘‘शोभाताई,’’ मी म्हणाले, ‘‘चहा गार होतो आहे.’’

पदकाचा विषय पुढच्या सभेवर गेला.

गुरुवार, २४ जानेवारी

मैनाबाईला सगळे आधीच कळले होते. शोभाताईंच्या सगुणाकडून.

‘‘हसलं नाही ना कोणी?’’

‘‘हसण्यासारखे काय होते त्यात?’’

‘‘सुरुवात चुकली बाई तुमची.’’ ती पोळी लाटत होती, लाटणे थांबले नाही. ‘‘एकदमच बापाचं नाव सांगितलं तं लोक घाबरतेत. पहिले सोपं सांगा लागते. तुमाले मडमीनं शाळेत कशी काय घेतली, थे सांगतलं असतं.’’

‘‘ते मी कोणाला सांगितलेले नाही.’’

‘‘मंग मले सांगा.’’

सांगितले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, ताट समोर ठेवून. तिने लाटणे खाली ठेवले. हसली नाही. तवा धुरावला तरी उठली नाही. मग म्हणाली, ‘‘बाई, हे रविवारी नळावर सांगू.’’

‘‘मी नळावर येणार नाही.’’

‘‘बरं,’’ म्हणाली.

रविवार, २७ जानेवारी

नळावर गेले.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पुढे चिंचोळे आहे. घराघरांतून मागाचा आवाज येतो. पूर्वी सगळीकडून यायचा, आता मधे मधे. नळावर हंड्यांची रांग आणि दहाबारा बायका. मला बघून कोणी तरी पदर सावरला. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिले.

‘‘रुपरावची भागीरथा ना वं तू?’’ गोपिकाबुढी म्हणाली. ‘‘माय मेली तवा काहून नाही आली?’’

 मी म्हणाले, ‘‘चुकलं.’’ हा शब्द मी मुलींकडून हजारदा लिहून घेतला आहे. स्वतः पहिल्यांदाच उच्चारला.

 मैनाबाईने मला कोपर मारले. ‘‘सांगा ना बाई. शाळेचं.’’

मी शालीचे टोक घट्ट धरले आणि सुरुवात केली. पहिले वाक्य शाळेतल्या मराठीत आले, ते कोणाला पोहोचले नाही. मग मी म्हणाले, ‘‘मी सात वर्षाची होती. भूक लागली होती. सुताची खळ बोटानं चाटून राहिली होती. इतक्यात दारात गोरी मडम! मले वाटलं, आता मार बसते. बापालेबी वाटलं. तिनं गाडग्यात वाकून पायलं, अन् भल्ली खूष झाली. म्हणे, ‘पॉरिज!’’’

‘‘म्हणजे काय वं?’’ एकीने विचारले.

‘‘साहेब लोक सकाळी खातेत. तांदळाची नाई तं कशाची पेज. तिले वाटलं, हे घर इतकं सुधारलेलं आहे का सकाळी पॉरिज खाते! म्हणून मले शाळेत घेतली. तिथं गेली, तं दुसऱ्या दिवशी सकाळी माह्यासमोर वाडगं भरून पॉरिज. चाखलं. अन् मी उठून तिले विचारलं, सिस्टर, सूत कुठं आहे?’’

आधी गोपिकाबुढी हसली, दात नसलेल्या तोंडाने, आवाज न करता. मग एकदम सगळ्या. एकीचा हंडा कलंडला आणि पाणी माझ्या बुटांवर आले. कोणी तरी म्हणाले, ‘‘पुन्हा सांगा वं, थे काय, पॉरिज!’’ मी पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा मधे जरा जास्त थांबले. तिथे जास्त हसल्या. हे लक्षात ठेवले पाहिजे.

मग म्हातारी घरात ओरडली, ‘‘अवं, बसाले द्या ना काही भागीरथाले!’’ एक मुलगी धावत गेली आणि पाट घेऊन आली.

पाट एका बाजूने डुगडुगत होता. तसे मी त्यांना सांगितलेच.